ओठावरचं रेशीम

पेर्नेत गोनारला सुई ओवताना पाहायला शिकाऊ डॉक्टर मुद्दाम घुटमळायचे. ती सुई खिडकीकडे धरायची नाही, डोळे बारीक करायची नाही आणि चुकायची तर कधीच नाही. डाव्या हातात वाकडी सुई, उजव्या हातात रेशमाचं टोक, आणि पापणी लवायच्या आत दोरा आरपार. डॉक्टर मोरेस्तेल मान न वळवता नुसता हात मागे करायचे आणि ओवलेली सुई त्यांच्या बोटांत आलेली असायची.

"गोनारआई, डोळे मिटूनसुद्धा जमेल तुम्हाला," एकजण म्हणाला.

"डोळे मिटून तुम्ही नाडी बघा. मी सत्तावीस वर्षं मागावर ताणे भरलेत. एका ताण्याला सहा हजार टोकं, आणि एकेक टोक मागावरच्या आपापल्या बारीक डोळ्यातून ओवायचं. एक चुकलं तर साठ वार मखमलीला रेघ. तुमच्या एका गुडघ्याला टाके किती, तर बावीस. एवढ्याला मी काम म्हणत नाही."

ती त्रेपन्न वर्षांची होती. लिऑनच्या विणकरांच्या टेकडीवर जन्मली, तिथेच लग्न झालं, तिथेच नवरा गेला. मग रेशमाला मंदी आली, निम्मे माग बंद पडले, आणि ताणे भरायला कुणी बोलवेना. तेव्हा ती टेकडी उतरून सोन नदीच्या काठच्या इस्पितळात फरशा पुसायला लागली. तीन वर्षांनी मोरेस्तेल तिथे हाडांचे सर्जन म्हणून आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात पाहिलं, की सगळ्या इस्पितळात एकच बाई अशी आहे जी सांगितलेलं काम सांगितल्याप्रमाणे करते, आणि दुसऱ्यालाही तसंच करायला लावते. त्यांनी तिच्या हातातला पोछा काढून घेतला आणि तिला ऑपरेशनच्या टेबलाजवळ उभं केलं.

मोरेस्तेल यांचं म्हणणं साधं होतं. जखम आपोआप सडत नाही, आपण ती सडवतो. आपल्या हातांनी, नखांनी, कपड्यांनी. म्हणून प्रत्येक वस्तू कार्बोलिकच्या जंतुनाशक पाण्यातून काढायची, हात कोपरापर्यंत धुवायचे, आणि ऑपरेशन चालू असेपर्यंत टेबलावर त्याच पाण्याचा फवारा मारत राहायचा. जुने डॉक्टर हसायचे. चांगला दाट पू येणं हे जखम भरत असल्याचं लक्षण, असं ते तीस वर्षं शिकवत आले होते. पेर्नेतला मात्र यात नवीन काहीच वाटलं नाही. पांढरं रेशीम विणणारीला हात धुण्याचं महत्त्व कुणी डॉक्टरने सांगावं लागत नाही.

तिने वॉर्ड असा ताब्यात घेतला की वॉर्डच्या मुख्य सिस्टर तेक्ल, ज्यांच्या हुकमाशिवाय तीस वर्षं पान हललं नव्हतं, त्या तिला पाहून रस्ता बदलू लागल्या. शिकाऊ डॉक्टरांना दारातच ती दोन्ही हात पालथे करून दाखवायला लावायची. "हे नख आहे की कुदळ? कापून या." एकाची दाढी तिने कमी करायला लावली. "झाडू लागला तर आमच्याकडे आहे."

सगळ्यात मोठं भांडण झालं ते शार्पीवरून. गावातल्या चांगल्या घरच्या बायका गुरुवारी एकत्र जमून जुन्या तागाच्या चादरींचे धागे धागे सुटे करायच्या, त्याचे बोळे बांधायच्या आणि ते बोळे इस्पितळाला दान करायच्या. जखमेत भरायची ती शार्पी. त्यांच्या आया हेच करायच्या, आज्याही. मोरेस्तेल यांनी ती बंद केली, तरी गाठोडी येतच राहिली. एके दिवशी नोटरींच्या पत्नी स्वतःच वॉर्डात येऊन रोग्याच्या उशाशी बसल्या आणि गप्पा मारत धागे सोडवू लागल्या. दर धाग्याला त्या बोट जिभेला लावत होत्या.

पेर्नेतने त्यांच्या मांडीवरचं गाठोडं उचललं, शेगडीकडे गेली आणि आत टाकलं.

"बाईसाहेब, तुमच्या तोंडातलं तुमच्याच घरी राहू दे."

सिस्टर तेक्ल धावत आल्या. "अगं गोनार, नोटरींच्या पत्नी आहेत त्या!"

"असतील. त्यांच्या थुंकीला काय अत्तराचा वास येतो?"

ही गोष्ट टेकडीवर महिनाभर पुरली.

आणि इस्पितळातल्या जखमा खरंच सडेनाशा झाल्या. इतक्या, की मोरेस्तेल यांनी जे काम हाती घ्यायला बाकीचे घाबरत ते सुरू केलं. गुडघ्याच्या सांध्यात कीड लागून तो पांढराफटक सुजतो, वर्षानुवर्षं ठणकतो, आतलं हाड कुजत जातं. त्याला एकच इलाज होता. मांडीतून पाय कापायचा. मोरेस्तेल मात्र गुडघा उघडायचे, कुजलेलं हाड काढायचे, हाडाची साल शक्य तिथे जपायचे, आणि दोन निरोगी टोकं एकमेकांना भिडवून शिवून टाकायचे. सांधा वाकायचा नाही, पण पाय राहायचा. दोन वर्षांत असे अकरा पाय राहिले. अकराच्या अकरांचे टाके पेर्नेतने ओवलेले होते, आणि ती ते मोजून सांगायची.

या कामाची तिला एकच तक्रार होती. सगळ्या खाण्याला कार्बोलिकची चव लागायची. पावाला, वाइनला, अगदी लसूण-कांद्याची पात घालून फेटलेल्या ताज्या चीजलासुद्धा, आणि टेकडीवरचा माणूस त्यावर तर जगतो. ओठ पांढरे पडायचे, त्यांची सालपटं निघायची. "फवारा चालतो दिवसभर," ती म्हणायची. "हवाच खातो आम्ही ती." त्यातच फेब्रुवारीत गुलाबी साखरेत घोळलेला बदाम चावताना तिची दाढ फुटली. हिरडी सुजली, बरी झाली, पुन्हा सुजली. दाढ काढायला तिला वेळ नव्हता.

मार्चमध्ये बारावा गुडघा चिघळला.

एप्रिलमध्ये तेरावा, म्हणजे रोझालीचा. ही फिती विणणारी पस्तिशीची बाई. आठव्या दिवशी टाक्यांच्या कडेने लाल ठिपके आले, मग पू, मग ताप, आणि तिसऱ्या आठवड्यात तिचा पाय मांडीतून कापावा लागला. मेमध्ये चौदावा, तसाच टाक्यांपासून सुरू झालेला. तो पाय कसाबसा वाचला, पण माणूस तीन महिने अंथरुणात राहिला.

कारभारी मंडळ बसलं. जुन्या डॉक्टरांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. ठरलं असं, की मोरेस्तेल यांनी आणखी एक गुडघा उघडावा. तो चिघळला तर यापुढे या इस्पितळात गुडघे उघडले जाणार नाहीत. कापले जातील.

तो आणखी एक गुडघा पेर्नेतच्या भावाचा होता.

आंतेल्म तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, मागावर बसवलं. मखमल विणण्यात त्याचा हात धरणारा टेकडीवर दुसरा नव्हता. त्याचा उजवा गुडघा आठ वर्षं सुजत होता, आणि मागाची पावडी उजव्या पायानेच दाबायची असते. पाय गेलेला माणूस कुबडी घेऊन जिना चढेल, चर्चला जाईल, दारू प्यायला जाईल, पण माग चालवणार नाही. आंतेल्म इस्पितळाला घाबरायचा. पेर्नेतने त्याला दोन वर्षं समजावलं होतं. "माझा वॉर्ड आहे तो. तिथे माझ्या परवानगीशिवाय माशी शिरत नाही." शेवटी तो हो म्हणाला, आणि आता हे.

तिने चोर शोधायला सुरुवात केली. स्पंज दोनदा उकळले. धोबीखान्यात जाऊन कपडे नाकाला लावून पाहिले. फवाऱ्याची रबरी नळी बदलायला लावली. कार्बोलिकचं पाणी पातळ केलं जातं की काय, म्हणून औषधवाल्याशी भांडली. शिकाऊ डॉक्टरांच्या खिशांत हात घातला आणि एकाच्या खिशातून अर्धं सॉसेज निघालं.

"हे काय?"

"न्याहारी, गोनारआई."

"मांस कापायला येता की खायला?"

सिस्टर तेक्ल हे सगळं पाहत होत्या. एकदा शांतपणे म्हणाल्या, "शार्पी होती तेव्हा शार्पीला दोष देता यायचा. आता कुणाला देणार?"

"सापडेल, सिस्टर. माझ्या नजरेतून सुटणार नाही."

ऑपरेशनला दोन आठवडे होते. रविवारी ती नेहमीसारखी आंतेल्मकडे जेवायला गेली. उंच छताची ती एकच खोली, निम्मी मागाने भरलेली. आंतेल्म खिडकीशी पाय स्टुलावर टाकून बसला होता. माग त्याची बायको जोझेत चालवत होती, जमेल तसा. ताण्यातलं एक टोक तुटलं होतं आणि ते ती पुन्हा ओवत होती. टोक ओठांत धरायची, ओलं करायची, पिळायची, डोळ्याशी न्यायची. दोनदा चुकली.

"आर्चबिशपच्या झग्यात टेकडीवरच्या निम्म्या बायकांची थुंकी आहे," आंतेल्म म्हणाला. "तरी त्याचा आशीर्वाद लागतो म्हणतात."

"म्हणूनच लागतो," जोझेत म्हणाली. "त्यात निदान काहीतरी खरं आहे."

सगळे हसले. पेर्नेतही हसली. "उठ गं, दे इकडे. तुझी तिसरी वेळ बघवणार नाही मला." तिने जोझेतला बाजूला सारलं, टोक घेतलं, ओठांत धरलं.

आणि थबकली.

टोकाला रेशमाची चव होती. किंचित गोड, किंचित डिंकासारखी, लहानपणापासूनची. तिला वाटलं, काहीतरी चुकतंय, चव चुकतेय. मग तिच्या लक्षात आलं, की या क्षणी तोंडात कार्बोलिकची चव यायला हवी, अशी तिची जीभ वाट पाहत होती. हात ओठांशी गेला की कार्बोलिक. दोन वर्षं.

फवाऱ्याने नव्हे.

"वन्सं? काय झालं? दाढ?" जोझेतने विचारलं.

पेर्नेतने धागा ओठांतून काढला आणि त्याच्याकडे पाहत राहिली. नोटरींच्या पत्नी दर धाग्याला बोट जिभेला लावत होत्या. ते गाठोडं तिने जाळलं होतं. फुटलेल्या दाढेतून फेब्रुवारीपासून पू येत होता आणि तो ती थुंकून टाकत होती, सगळा नाही. बारावा, तेरावा, चौदावा. तिन्ही टाक्यांपासून सुरू झाले होते. टाक्यांपासूनच सुरू होणार. दुसरीकडून कुठून?

"दाढच," ती म्हणाली आणि खाली बसली.

ती घरी गेली. त्या दिवशी तिने कुणालाच काही सांगितलं नाही. मनाशी मात्र एक गोष्ट वारंवार तपासून पाहिली, जसा ताणा भरल्यावर तपासतात. कुठे चूक असेल तर सापडावी म्हणून. सापडली नाही.

सोमवारी सकाळी मोरेस्तेल हात धूत होते तिथे ती जाऊन उभी राहिली.

"साहेब, चोर सापडला."

"कोण?"

"मी."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. तिने पाण्याच्या परातीतून रेशमाचा एक तुकडा उचलला, सुई घेतली, आणि नेहमी ओवते तसा ओवून दाखवला, फक्त सावकाश. मध्येच थांबली, धागा ओठांत असताना, त्यांना नीट दिसेल असा. मग तोंड उघडून दाढ दाखवली.

मोरेस्तेल यांनी वाकून दाढ पाहिली. नंतर म्हणाले, "मी दोन वर्षं तुमच्यापासून हातभर अंतरावर उभा आहे."

"तुम्ही कुठले, साहेब?"

"टेकडीवरचाच. माझी आई ताणे भरायची."

"मग तुम्हाला कसं दिसणार?" पेर्नेत म्हणाली. "टेकडीवर श्वास घेताना कुणी कुणाकडे बघतं का?"

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, आणि तिचं सांत्वनही केलं नाही. त्याबद्दल तिला ते आवडले.

"पहिले अकरा का नाही चिघळले?" ती म्हणाली.

"नशीब. आणि दाढ धड होती." त्यांनी पुन्हा ब्रश उचलला. "आधी दाढ. आज, आत्ता. मग आपण बोलू."

खिशात सॉसेज बाळगणाऱ्या त्या शिकाऊ डॉक्टरने दाढ काढली, आणि जरा जास्तच उत्साहाने काढली. हिरडी भरेपर्यंत तिचा जबडा रुमालाने डोक्यावर गाठ मारून बांधला. ती वॉर्डातून जाऊ लागली तेव्हा खाटाखाटांवरून माना उंचावल्या.

"गोनारआईचं तोंड बांधलं!"

"देव आहे रे बाबा."

"सिस्टर, चर्चमध्ये मेणबत्ती लावा माझ्यातर्फे!"

तिने तिघांकडेही अशी नजर टाकली की तिसरा पांघरुणात शिरला. पण चालता चालता तिच्या मनात रुमालाबद्दल दुसरंच काहीतरी आलं होतं.

दुपारी मोरेस्तेल म्हणाले, "आंतेल्मच्या वेळी सुया दुसरं कुणीतरी ओवेल."

"कोण?"

"सिस्टर तेक्ल."

"त्यांना सुई कुठली आणि खाट कुठली ते कळतं का आता? शिकाऊ पोरं एकेक सुईला पाच मिनिटं लावतात. बावीस सुया. तेवढा वेळ तुम्ही गुडघा उघडा ठेवणार? भुलीचं ईथर किती द्याल त्याला?"

तिचं म्हणणं खरं होतं, आणि खरं आहे हे तिलाही माहीत होतं.

"मला बारा दिवस द्या. ओठ न लावता ओवून दाखवते. नाही जमलं तर मी फरशी पुसायला परत जाते."

त्या बारा दिवसांत तिने किती सुया ओवल्या याचा हिशेब राहिला नाही. पहिल्या दिवशी वीसपैकी तीन. कोरड्या रेशमाचं टोक फुलतं, ओल्याचं लोळतं. सहा हजार टोकं भरणारी बाई स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून रडकुंडीला आली. टोक तिरपं कापून पाहिलं. उकळत्या पाण्यातून काढून चिमटीत पिळून पाहिलं, उलट्या पिळाने, अंगठ्याच्या नखाजवळ. पाचव्या दिवशी वीसपैकी अकरा. नवव्या दिवशी अठरा. ओवणं जमू लागलं, पण हात जमेना. लक्ष जरा ढळलं की तो आपणहून ओठांकडे जायचा, जसा झोपेत माणूस पांघरूण ओढतो. मग ती टोक फेकून द्यायची, हात धुवायची आणि पहिल्यापासून.

सातव्या दिवशी ती रोझालीकडे गेली. टेकडीच्या अर्ध्या चढावर, तिसऱ्या मजल्यावर. रोझाली कुबड्या भिंतीला टेकवून शेंगा सोलत होती. पेर्नेतने उभ्यानेच सगळं सांगितलं. दाढ, ओठ, टाके. शब्द कमी केले नाहीत, वाढवलेही नाहीत.

रोझालीने शेंगांचं भांडं बाजूला ठेवलं. "मग? मी माफ करू म्हणून आलीस?"

"नाही. तुला कळायला हवं म्हणून."

"कळलं." तिने तोंड खिडकीकडे केलं. "मीपण ओठांतच धरते धागा. सकाळीच धरला होता." मग एकदम वळली. "पुढचा कोण आहे?"

"माझा भाऊ."

"वा. म्हणजे आता धडकी भरली." तिने भांडं पुन्हा मांडीवर घेतलं. "जा. त्याचं नीट शिव. आणि परत येऊ नकोस, निदान हिवाळ्यापर्यंत. मला तुझं तोंड बघवत नाही."

पेर्नेत जिना उतरली. यात रोझालीचं काही चुकलं असं तिला वाटलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मोरेस्तेल यांनी आंतेल्मला विचारलं, "गुडघा यापुढे वाकणार नाही. सरळ ठेवला तर चालायला सोपं. थोडा वाकवून ठेवला तर लंगडशील, पण मागावर बसशील. बोल, कसा ठेवू?"

आंतेल्मने बहिणीकडे पाहिलं. तिने पिशवीतून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला. मागावर नक्षीसाठी लावतात तो भोकाभोकांचा जुना पुठ्ठा, मधोमध दुमडलेला.

"बाकावर बसवून मापलंय, साहेब. हा त्याचा पाय पावडीवर असताना. प्लास्टरच्या वेळी हा कोन धरा. टेबलाजवळ आणायचा नाही, सिस्टर लांबून धरतील."

"मी?" सिस्टर तेक्ल म्हणाल्या.

"हात धुऊन."

सकाळी ती टेबलाशी आली तेव्हा तिच्या तोंडावर रुमाल होता, नाकाखालून मानेमागे घट्ट बांधलेला, कार्बोलिकमध्ये बुडवून पिळलेला. हिरडी केव्हाच भरली होती. शिकाऊ डॉक्टर एकमेकांकडे पाहू लागले, पण मोरेस्तेल यांनी मान वर केली नाही, म्हणून कुणी हसलं नाही.

ईथरचा गोडसर वास पसरला. आंतेल्म दहापर्यंतसुद्धा मोजू शकला नाही. फवारा सुरू झाला. गुडघा उघडला, आणि आठ वर्षांचं दुखणं उजेडात आलं, राखाडी आणि मऊ. मोरेस्तेल झरझर काम करत होते. पेर्नेत गुडघ्याकडे पाहत नव्हती. ती बावीस सुयांकडे पाहत होती.

पहिली ओवली. दुसरी. पाचवी. अंगठ्याजवळ पीळ, तिरपं टोक, आरपार. तिला वाटलं, जमलं. आणि त्या वाटण्यातच आठव्या सुईला तिचा हात वर गेला. सुती रुमालाला बोटं आपटली तेव्हा तिला कळलं. रेशमाचं टोक रुमालावर टेकलं होतं, ओठांवर नव्हे. रुमाल कार्बोलिकचा होता. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मोरेस्तेल यांचा हात मागे आलेला होता, तळवा उघडा, वाट पाहत.

तिने सुई दोऱ्यासकट खालच्या बादलीत टाकली.

"थांबा," ती रुमालाआडून म्हणाली.

"काय झालं?"

"ती गेली. दुसरी देते."

तिने हात पुन्हा परातीत बुडवले, कोपरापर्यंत, घाई न करता. उघड्या गुडघ्यावर फवारा पडत होता. मोरेस्तेल यांचा हात तसाच मागे राहिला. नवी सुई, नवं टोक. पहिल्या फटक्याला गेलं नाही. दुसऱ्याला गेलं.

"घ्या."

मग बाविसावीपर्यंत हात एकदाही वर गेला नाही.

आठव्या दिवशी जखम पाहण्यापुरती प्लास्टरला कापलेली खिडकी उघडायची होती. त्या सकाळी वॉर्डात कुणी मोठ्याने खोकलं नाही. कारभारी मंडळातले दोन गृहस्थ आणि जुन्यांपैकी एक डॉक्टर हजर होते. आंतेल्म छताकडे पाहत पडला होता.

"ताई, वास येतोय का?"

"गप्प पड. तुझ्या पायांचा तो कायमच येतो."

मोरेस्तेल यांनी पट्टीचा शेवटचा थर उचलला, आधी वाकून वास घेतला, मग पाहिलं. मग बाजूला होऊन पेर्नेतला जागा दिली. तिने टाके मोजले. एकीकडून दुसरीकडे, आणि पुन्हा उलट. बावीस. कडा कोरड्या होत्या, मिटलेल्या, चांगल्या शिवणीसारख्या सपाट. लाल ठिपका एकही नव्हता. जुन्या डॉक्टरांनी चष्मा पुसून पाहिलं. चष्मा खिशात ठेवत ते म्हणाले, "यात पू कसा नाही?"

"आणू का थोडा?" पेर्नेत म्हणाली.

सिस्टर तेक्ल यांना खोकल्याचा ठसका लागला. तो बराच वेळ थांबेना.

पेर्नेत त्यानंतर सहा वर्षं त्या टेबलाशी होती आणि तिचा रुमाल कधी सुटला नाही. नवीन पोरं विचारायची, "गोनारआई, हा कशाला?" ती सांगायची, "मला बोलायची सवय आहे म्हणून." खरं कारण तिने फक्त दरवर्षी नव्या तुकडीच्या पहिल्या दिवशी एकदा सांगितलं, सगळ्यांना ओळीत उभं करून, रोझालीच्या नावासकट.

त्याच वर्षी ऑक्टोबरात आंतेल्मच्या मागाचा बाक सुताराने दोन बोटं उंच केला. पाय त्याच कोनात होता, पुठ्ठ्यावरच्या. गुडघा वाकत नव्हता, मांडीचा जोर होता. पावडी खाली गेली, धोटा पलीकडे गेला, फणी येऊन आदळली. बिस-तां-क्लाक. टेकडीवर मागाला या आवाजानेच हाक मारतात. मग पुन्हा. जोझेत दाराशी उभी राहून एप्रन डोळ्यांना लावत होती, आणि ती रडत नाहीये असं सगळ्यांना सांगत होती.

दहाव्या-बाराव्या फटक्यानंतर ताण्यातलं एक टोक तुटलं.

"वन्सं, बघा ना," जोझेत म्हणाली. "तुमच्याइतकं कुणाला जमतं?"

पेर्नेतने टोक चिमटीत घेतलं. अंगठ्याच्या नखाजवळ उलटा पीळ दिला. डोळ्याशी नेलं. चुकलं. पुन्हा पीळ दिला. चुकलं.

"अहो, ओठ लावा की. इथे कुणाचा गुडघा उघडलाय?"

"नको," पेर्नेत म्हणाली. "हाताला दोन सवयी ठेवल्या तर तो नेमकी नको तिथे नको ती काढतो."

तिसऱ्या वेळी दोरा गेला. आंतेल्मने पावडी दाबली.